न आवरायचं टेबल

खरकटं टेबल तसंच सोडून झोपायला मी तरुणपणी कधी गेले नाही. एकदा जायला हवं होतं. आमच्या नागपूरच्या घरात रात्रीचं खरकटं सकाळपर्यंत ठेवणं म्हणजे घोर अपराध. आई तापाने फणफणलेली असली तरी ओटा पुसूनच अंथरुणाला पाठ टेकायची. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तिचे दागिने वहिनीकडे गेले आणि ही सवय माझ्याकडे आली. भाड्याच्या खोल्यांमधून राहताना मैत्रिणी म्हणायच्या, "तुला झोप लागावी म्हणून आम्ही मुद्दाम भांडी घासायची का?" मी म्हणायची, "हो."

बाबांची सवय वेगळी होती. ते शाळेत इतिहास शिकवायचे, देवळात जायचे नाहीत, सत्यनारायणाला पंखा लावून झोपायचे. पण जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि उजव्या हाताला भाताची पाच शितं ओळीने मांडायचे. चित्राहुती. स्टेशनवर कागदी प्लेटमधला पुलावसुद्धा त्यांनी तसाच खाल्लेला मी पाहिला आहे, आणि लाजेने तोंड फिरवलं आहे. दुसरं म्हणजे, एकदा पानावरून उठले की परत त्यावर बसायचे नाहीत. दार वाजलं म्हणून उठावं लागलं तरी तेवढ्यावर जेवण संपलं. आई चिडायची, "कुणी बघतंय का तुम्हाला?" ते हसायचे आणि उपाशी राहायचे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी कार्डिफला होते. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, वर्क व्हिसा, आणि एका जुन्या चाळवजा रांगेतल्या घरात वरची खोली. घरमालकीण ऐंशीच्या पुढची, फ्रेंच. तरुणपणी एका वेल्श खलाशाशी लग्न करून इकडे आलेली, तो जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी त्यांना मादाम म्हणायची. त्यांचं इंग्रजी निम्मं फ्रेंच आणि निम्मं कार्डिफच्या बाजारातलं होतं. त्याची नक्कल मला जमणार नाही, म्हणून सगळं मराठीतच सांगते.

मादाम दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावच्या. साठ वर्षं कार्डिफमध्ये काढली, पण राहायच्या आर्लमध्येच. पाऊस पडला की म्हणायच्या, "हा काय पाऊस?" वारा सुटला की म्हणायच्या, "हा काय वारा? आमचा वारा माणसाला वेड लावतो." तिथे येऊन राहिलेल्या एका चित्रकाराचा विषय कोणी काढला की त्यांचा पारा चढायचा. म्हणायच्या, "तो दीड वर्षंसुद्धा राहिला नाही. आम्ही दोन हजार वर्षं आहोत."

त्या सांगायच्या ते गाव मला हळूहळू पाठ झालं. रोमन लोकांनी बांधलेलं लढायांचं गोल मैदान, दोन मजली दगडी कमानींचं. रोमन गेले, धामधुमीचे दिवस आले, तेव्हा लोकांनी त्या मैदानाच्या आतच घरं बांधली. गल्ल्या, देवळं, टेहळणीचे बुरूज, सगळं गावच त्या कड्यात शिरलं आणि कित्येक शतकं तिथेच राहिलं. पुढे कोणाला तरी मैदान पुन्हा मोकळं करावंसं वाटलं आणि घरं पाडली. मादाम सांगायच्या, "माझी आजी तिथून जाताना पाय जपून टाकायची. म्हणायची, इथे लोकांच्या चुली होत्या." गावाच्या चौकाखाली रोमन भुयारं होती, लांबच लांब, कमानीमागे कमान, छतातून पाणी ठिबकणारी. लहानपणी मादाम तिथे गेल्या होत्या. आत आपलं नाव घेऊन हाक मारायची नाही असं आजीने बजावलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही, पण त्या रात्री जिन्यावरचा दिवा मी चालूच ठेवला.

आणि गावाबाहेरचं स्मशान. दोन्ही बाजूंना झाडं, मधे रस्ता, आणि रस्त्याच्या कडेने रिकाम्या दगडी शवपेट्या. या जागेत पुरून घेणं इतकं पुण्याचं मानायचे की वरच्या गावांतले लोक आपलं मेलेलं माणूस पिंपात घालून रोन नदीत सोडून द्यायचे. सोबत दफनासाठी नाणी ठेवायचे. बरोबर माणूस नाही, नावाडी नाही. पिंप आपोआप वाहत यायचं आणि आर्लच्या काठाला येऊन थांबायचं. एकदा वरच्या एका गावातल्या पोरांनी अशा पिंपातले पैसे काढून घेतले. झालं, पिंप तिथेच गिरक्या घेत राहिलं. ढकललं तरी पुढे जाईना. पैसे परत ठेवले तेव्हा निमूट निघालं.

शनिवारी मी फोनकार्ड खरवडून नागपूरला फोन करायची आणि हे सगळं बाबांना सांगायची. निवृत्त झालेल्या इतिहासाच्या मास्तरांना याहून काय हवं? आधी आर्ल, मग माझी तब्येत, असा क्रम असायचा. पिंपाची गोष्ट त्यांना फारच आवडली.

"म्हणजे वाटेत अडवलं की पुढे जात नाही," ते म्हणाले.

"हो. असं मादाम म्हणतात."

"बरं आहे की. मला कार्डिफ बघायचंच आहे. माझी वेळ आली की नाग नदीत सोडा एका पिंपात. व्हिसा नको, तिकीट नको."

"नाग नदीत पाणी कुठे आहे बाबा?"

"मग चालत येईन. तू पान वाढून ठेव म्हणजे झालं."

दोघंही खूप हसलो होतो. कार्डावरची मिनिटं संपली आणि फोन कट झाला.

ऑक्टोबरात बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं, घास गिळेना. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसा वाढवण्यासाठी पाठवलेला होता. परत मागवता आला असता, पण मग अर्ज रद्द, नोकरी गेली, सगळं गुंडाळून कायमचं परत. दादाने फोन त्यांच्या कानाला लावला. ते कसेबसे म्हणाले, "तू आलीस की... जेवू." मी म्हटलं, "येतेच बाबा, पासपोर्ट आला की निघते." ऑफिसात सगळे म्हणाले, थांब, आठवडाभरात येईल. मी थांबले. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. मी हिशोबीपणाने थांबले, आणि रोज सकाळी पोस्टमनची वाट बघत दाराच्या फटीकडे डोळे लावून बसले. नोव्हेंबर गेला. दादा म्हणायचा, "कुणीही भरवायला गेलं की तोंड मिटून घेतात. तुझी वाट बघतायत." बाबांना माझ्या हातचा घास मिळावा, एवढंच मला हवं होतं.

मादामना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि स्वतःचं सांगितलं. युद्धात आर्लच्या रेल्वेच्या पुलावर बॉम्ब पडले. त्यांचा थोरला भाऊ त्या वेळी नदीकाठी होता. तो सापडला नाही. पूलही पुन्हा बांधला नाही. दोन्ही काठांवर पुलाच्या तोंडाशी बसवलेले दगडी सिंह मात्र राहिले. ते अजून बसलेले आहेत, नसलेल्या पुलाची राखण करत.

"जगाचे मेलेले आणून देणारी नदी," मादाम म्हणाल्या, "आणि आमचाच तेवढा घेऊन गेली." म्हणून त्या दर ख्रिसमसला त्याचं पान मांडायच्या.

चार डिसेंबरला त्यांनी माझ्यापुढे तीन बशा ठेवल्या. त्यांच्याकडे त्या दिवशी ओल्या कापसावर गहू पेरतात. ख्रिसमसपर्यंत हिरवे सरळ वाढले तर वर्ष चांगलं जातं. मी म्हटलं, "आमच्याकडे नवरात्रात घटाला धान पेरतात, तेही असंच." त्या खुश झाल्या. दोन बशा त्यांनी पेरल्या आणि तिसरी माझ्याकडे सरकवली. "तुझ्या वडिलांसाठी."

तिन्ही बशा खिडकीत एका ओळीत होत्या. पाणी एकाच भांड्यातून. मादामच्या दोन्ही बशांतले कोंब उजेडाकडे झुकले, जसे झुकायला हवेत तसे. माझ्या बशीतले खोलीकडे झुकले, उजेडाकडे पाठ करून, टेबलाच्या दिशेने. मी बशी फिरवून ठेवली. दोन दिवसांनी ते पुन्हा टेबलाकडे वळलेले होते. मादामनी ते पाहिलं आणि आपल्या बशांना पाणी घालायला लागल्या. मला त्यांचा रागच आला. एरवी तासन्‌तास बोलणारी बाई नेमकी तेव्हाच पाणी घालण्यात गुंग.

चोवीस तारखेलाही पासपोर्ट आला नाही. त्या संध्याकाळी मादामनी टेबलावर तीन पांढरी कापडं एकावर एक अंथरली, तीन मेणबत्त्या लावल्या, तिन्ही बशा मधे ठेवल्या. कापडाच्या टोकांना गाठी मारल्या. वाईट काही असेल तर लोंबणाऱ्या टोकाला धरून वर चढतं म्हणे. आम्ही दोघी, पण पानं तीन. तिसऱ्या पानावर ताट, घडी केलेला रुमाल आणि पालथा घातलेला ग्लास. खुर्ची जरा मागे ओढलेली, बसणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

त्या रात्री त्यांच्याकडे मांस चालत नाही. मासा त्यांनी खाल्ला. मला पालक, छोले आणि त्यांच्या गावाजवळच्या दलदलीत पिकणारा तांबडा भात. तोच भात मी तिसऱ्या ताटातही वाढला. मग तेरा प्रकारचं गोडधोड: अंजीर, बदाम, मनुका, काळा नि पांढरा नूगा म्हणजे त्यांची चिक्की, आणि ऑलिव्ह तेलातली एक गोड भाकरी. तिला सुरी लावायची नाही, हातानेच मोडायची, नाहीतर वर्षभर तोटा. मोडताना चुरा सगळ्या टेबलभर उडाला. मी सवयीने तो तळहाताने गोळा करायला लागले तर मादामनी माझं मनगट धरलं.

"आज आवरायचं नाही. काहीही नाही. चुरा, उष्टं, सांडलेलं, सगळं सकाळपर्यंत असंच. आपण झोपलो की आपले लोक येतात. लांबून येतात, भुकेले असतात."

मी "हो" म्हटलं. साडेआठला त्या जिना चढून झोपायला गेल्या.

मीही खोलीत गेले, पुस्तक उघडलं. पण खाली खरकटं पडलेलं होतं. तेलाचे हात लागलेल्या बशा, भाताची शितं, बदामांची टरफलं. मला आई दिसायला लागली, ओट्याशी उभी. वाटलं, आज घरात आजारी माणूस आहे, आजच्या दिवशी खरकटं ठेवायचं? लक्ष्मी येईल का अवदसा? आता आवरावं, सकाळी मादामच्या आधी उठून भाकरीचा चुरा नुसता भुरभुरला की झालं, त्यांना कळणारही नाही. जित्याची खोड, दुसरं काय. मी खाली गेले.

मेणबत्त्या विझलेल्या होत्या. दिवा लावून मी सरसर ताटं उचलायला लागले. माझं, मग मादामचं. तिसऱ्या पानापाशी आले आणि थबकले. ताटाभोवती कापड ओलं होतं. सांडल्यासारखं नाही. बोटभर रुंदीची रेघ, ताटाभोवती गोल फिरलेली. उजव्या हाताला तांबड्या भाताची शितं होती, ओळीने. चार. मला वाटलं, हेही मादामचंच काहीतरी असणार. त्यांच्या रीती काय थोड्या होत्या? एक क्षण ताटाच्या कडेवर हात ठेवून उभी राहिले, हे नीट आठवतं. खुर्चीकडे बघवलं नाही हेही आठवतं. खोली गार होती, पण खुर्चीच्या बाजूने अंगावर येत होता तो गारवा निराळा होता, भुयाराच्या तोंडाशी येतो तसा. मग मी शितं फडक्याने टिपली, पाण्याची रेघ पुसली आणि ताट उचललं. स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवला होता, एकटीला भीती वाटू नये म्हणून. ताट पुसत असताना त्यावर नऊचे ठोके पडले.

सकाळी मादामच्या आवाजाने जाग आली. मी धावत खाली गेले. चुरा भुरभुरायचा राहूनच गेला होता, झोप लागली होती. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"तू आवरलंस?"

खोटं बोलायचा विचार मनात आला. म्हणाले असते, आले होते तुमचे लोक, सगळं संपवून गेले. पण तोंडातून "सॉरी, मादाम" एवढंच बाहेर पडलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "साठ वर्षांत एकदाही उचललं नव्हतं. काय वाटलं असेल त्यांना?"

तेवढ्यात फोन वाजला. दादा होता.

"बाबा गेले गं. रात्री. तुला तिथे एकटीला रात्रीचं कशाला कळवायचं म्हणून थांबलो. आत्ताच घाटावरून आलो."

मी काय बोलले ते आठवत नाही. दादाच बोलत होता, अखंड.

"आठ दिवस पाण्याचा घोटसुद्धा धड जात नव्हता. रात्री एकदम डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, पान वाढलंय. आम्हाला वाटलं, सुधारतायत. चादरीवर पाणी फिरवायला लागले, ताटाभोवती फिरवतात तसं, आणि तेही उजव्या हाताने. ज्या हाताचं बोट हलत नव्हतं त्या हाताने! मग शितं मांडायला लागले. एक, दोन, तीन, चार. आम्ही सगळे बघत होतो. पाचवं मांडायला हात पुढे केला आणि थांबले. वर बघितलं. समोरून कोणी ताट उचलून नेल्यावर माणूस कसा बघतो, तसं. आणि संपलं."

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"अडीच. का गं?"

आमचे नऊ म्हणजे त्यांचे अडीच. मी रिसीव्हर ठेवला की दादाने, ते माहीत नाही. जमिनीवर बसून मी मादामना विचारलं, तिसऱ्या ताटाभोवती तुम्ही पाणी फिरवलं होतं का? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी बोट फिरवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिथे पाणी मी देतच नाही. ग्लास पालथा होता ना." मग मी त्यांना सगळं सांगितलं, बाबांच्या शितांपासून. त्या ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी वरचं कापड टेबलावरून ओढून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. मी पुसलं होतं, तरी वाळलेल्या पाण्याचं फिकट कडं दिसत होतं. पुसल्याने एका जागी फिसकटलेलं.

भरल्या ताटावरून कुत्र्यालाही उठवू नये म्हणतात. मी माझ्या बाबांना उठवलं. दोन महिने उपाशी माणूस, समुद्र ओलांडून, पासपोर्टाशिवाय, मी वाढलेल्या पानावर आला, आणि मी त्याच्यापुढून ताट उचललं. लोक मला समजावतात. म्हणतात, म्हातारीनेच पाणी सांडलं असेल, शितं तुझ्याच वाटीतून पडली असतील, दादाने दुःखात वेळ चुकीची सांगितली असेल. मी ऐकून घेते. ताटाच्या कडेवर हात ठेवून मी क्षणभर थांबले होते, ते त्यांना कुठे माहीत आहे?

पासपोर्ट जानेवारीत आला, नवाकोरा व्हिसा चिकटवलेला. तोवर तेरावाही होऊन गेला होता. तिसऱ्या बशीतला गहू त्या सकाळीच आडवा झाला होता. तो मादामनी फेकला नाही, मागच्या अंगणात नेऊन पुरला. मी घर सोडताना त्यांनी ते कापड घडी करून माझ्या बॅगेत ठेवलं. म्हणाल्या, "धुऊ नकोस." पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्या भावाचं पान आता कोण मांडतं, मला माहीत नाही. म्हणून मी दोन मांडते.

आता मी लंडनमध्ये एजवेअरला राहते. चोवीस डिसेंबरला ते कापड काढते, टोकांना गाठी मारते, भात वाढते, आणि काहीही न आवरता वर जाते. नवरा म्हणतो, "खरकट्यावर मरणारी तू, आणि वर्षातून एकदा हे काय?" मी दिवा मालवते. सकाळी सगळ्यांच्या आधी खाली येते आणि ताटाभोवती कापडावर हात फिरवून बघते. भावाच्या पानाशी कधीतरी चुरा हलल्यासारखा वाटतो. बाबांच्या पानाशी कापड कोरडं असतं. दरवर्षी कोरडंच. एकदा पानावरून उठले की बाबा परत बसत नसत.